मॅक्सवेलचा रंगीत भोवरा

माझ्या आजोळी एक पैठणी होती. ती मी पाहिलेली नाही. माझ्या जन्माच्या पुष्कळ आधी, अडचणीच्या दिवसांत, ती जरीतल्या चांदीसाठी विकली गेली. आणि जरीची चांदी काढायची म्हणजे रेशीम जाळावेच लागते. मागे उरला तो एक रंगीत फोटो. १९७८ साली मामाच्या मुंजीत काढलेला. त्यात आजी ती पैठणी नेसून मांडवाच्या खांबाला टेकून उभी आहे. यंदा या अंकाचे मुखपृष्ठ करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्याचा रंग आजीच्या पैठणीचाच घ्यायचा असे मी मनाशी ठरवून टाकले.

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला यात अवघड ते काय? फोटो स्कॅन करायचा, संगणकाच्या पडद्यावर मोठा करायचा आणि ड्रॉपरचे टोक साडीवर टेकवायचे. तेथला रंग तीन आकड्यांत हजर होतो: लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. मी टोक टेकवले. गढूळ तपकिरी आला. एक ठिपका सरकले, राखी आला. आणखी एक सरकले, तर जवळजवळ काळा. फोटोकडे दुरून पाहिले की साडी चांगली भरजरी दिसे, आणि जवळ गेले की तिच्यात साडीचा रंग कुठे सापडेना. शेवटी आईला विचारले. आई म्हणाली, जांभळी होती. मामाला फोन केला. त्याने वांगी रंग सांगितला. मावशीने दोघांनाही वेड्यात काढले आणि साडी मोरपंखी असल्याचे शपथेवर सांगितले. एकाच घरात वाढलेली ही तीन भावंडे!

तेव्हा माझ्या मनात आले की आपण ज्यांच्यावर इतका भरवसा टाकतो ते हे तीन आकडे मुळात आणले कोणी? त्यांच्या मागे मागे जात राहिले आणि ज्या माणसापाशी येऊन थांबले त्याचे नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विज्ञान शाखेच्या मुलांना हे नाव वीज आणि चुंबकत्वाच्या समीकरणांमुळे ठाऊक असते. आपल्या कलाशाखेत ते कोणी घेत नाही. वास्तविक आपण दिवसातून शंभरदा त्याच्याच पद्धतीने रंग उचलतो आणि रंग ठेवतो.

मॅक्सवेलचा जन्म १३ जून १८३१ रोजी एडिंबरो शहरात, इंडिया स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील १४ क्रमांकाच्या घरात झाला. वडील वकील; पण वकिलीपेक्षा यंत्रांचा आणि गॅलोवे भागातल्या ग्लेनलेअर या आपल्या शेतीवाडीचा त्यांना अधिक नाद. मूल एकुलते एक. त्याला प्रश्न विचारण्याचे व्यसनच होते. कोणती वस्तू कशी चालते हे कळेपर्यंत ते मोठ्या माणसांची पाठ सोडत नसे, आणि गुळमुळीत उत्तराने त्याचे समाधान होत नसे. त्याच्या चरित्रात एक छोटीशी हकीकत आहे. कोणीतरी त्याला दोन दगड दाखवले. हा तांबडा, हा निळा. पोराने लगेच उलट विचारले, की हा निळा आहे हे तुम्हांला कशावरून कळले? एवढ्याशा मुलापुढे निरुत्तर व्हावे लागते याची त्याच्या मावशीला शरम वाटत असे. मला विचाराल तर त्या मुलाने पुढची पंचवीस वर्षे त्याच एका प्रश्नाचे उत्तर शोधले.

आठ वर्षांचा असताना त्याची आई पोटाच्या कर्करोगाने गेली. दहाव्या वर्षी एडिंबरो अकॅडमीत घातले, तेव्हा वडिलांनी स्वतः बेतलेला अंगरखा आणि चौकोनी टोकाचे बूट घालून हा खेडवळ मुलगा वर्गात गेला. पहिल्याच दिवशी पोरांनी त्याचे कपडे फाडले आणि त्याला वेडगळ अशा अर्थाचे एक टोपणनाव चिकटवले. ते नाव त्याने वर्षानुवर्षे निमूट सोसले. वडील मात्र त्याला शहरातल्या विद्वत्सभांना बरोबर नेत. तेथे त्याची गाठ डेव्हिड रॅमसे हेय या गृहस्थाशी पडली. हेय हा धंद्याने घरे रंगवून सजवणारा कारागीर; पण सौंदर्याला काही गणिती नियम असले पाहिजेत या ध्यासाने त्याने आकारांवर आणि रंगांवर पुस्तके लिहिली होती. त्याचे लंबगोल पाहून मॅक्सवेलने दोरा आणि टाचण्या घेऊन नव्या तऱ्हेचे लंबगोल काढले, आणि चौदाव्या वर्षीच त्यावरील त्याचा निबंध रॉयल सोसायटी ऑफ एडिंबरोपुढे वाचला गेला. वाचला प्रोफेसर फोर्ब्जने. एवढ्या लहान मुलाने त्या सभेपुढे उभे राहणे बरे दिसले नसते.

हाच फोर्ब्ज पुढे विद्यापीठात त्याचा गुरू झाला. १८४९ च्या सुमारास तो रंगीत कागदांच्या पाकळ्या लावलेल्या तबकड्या फिरवून पाहत असे. वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर रंग वेगळे दिसत नाहीत, डोळ्यातच त्यांचे मिश्रण होते. पिवळा आणि निळा एकत्र फिरवल्यावर चित्रकारांच्या अनुभवाप्रमाणे हिरवा यायला हवा होता. तो काही केल्या येईना. कसलासा फिकट, गुलाबीसर रंग येई. आपणही शाळेत पिवळ्यात निळा कालवून हिरवा केलेला आहे. त्यामुळे हे पटायला वेळ लागतो. रंगद्रव्ये कालवली म्हणजे प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा काही भाग गिळते, आणि दोघांनीही न गिळलेला भाग तेवढा आपल्यापर्यंत येतो. पिवळा आणि निळा दोघेही हिरवा थोडासा सोडतात, म्हणून हिरवा दिसतो. भोवऱ्यावर गिळागिळी नाही. तेथे दोन प्रकाशांची बेरीज होते. जर्मनीत हेल्महोल्ट्झने हा भेद १८५२ साली मांडला, आणि मॅक्सवेलही आपल्या वाटेने तेथेच पोहोचला. छापखान्यातला रंग आणि पडद्यावरचा रंग यांचे आजही पटत नाही त्याचे मूळ या जागी आहे. पडदा बेरीज करतो, शाई वजाबाकी करते.

१८५० मध्ये मॅक्सवेल केंब्रिजला गेला आणि १८५४ मध्ये गणिताच्या परीक्षेत दुसरा आला. त्यानंतरच्या वर्षी काढलेला त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. दाढी अजून पुरती न आलेला तरुण, आणि त्याच्या हातात रंगीत भोवरा. भोवरा म्हणजे एक चपटी तबकडी. तिच्या बाहेरच्या भागात तीन रंगांचे कागद: हिंगुळी लाल, पाचूसारखा हिरवा आणि अल्ट्रामरीन निळा. कागद एका बाजूने चिरलेले, म्हणजे एकात एक सरकवून कोणता किती दिसावा हे ठरवता येई. आतल्या लहान वर्तुळात पांढरा आणि काळा. तबकडीच्या कडेवर शंभर सारखे भाग आखलेले. कागद पुरवले ते आपल्या हेयने. मॅक्सवेलच्या प्रयोगातले रंग म्हणजे एका रंगाऱ्याच्या दुकानातले रंग होते, हे मला फार आवडले.

भोवरा फिरवायचा, पाहायचे, थांबवायचा, कागद किंचित सरकवायचे, पुन्हा फिरवायचा. बाहेरचा पट्टा आणि आतले वर्तुळ यांत डोळ्याला काही फरक कळेनासा होईपर्यंत हेच. मग कडेवरचे भाग मोजायचे. लाल ३७, निळा २७ आणि हिरवा ३६ यांची बेरीज बरोबर पांढरा २८ आणि काळा ७२, अशी त्याची एक नोंद आहे. रंगाचे समीकरण! १८५५ मध्ये हे सारे त्याने एडिंबरोच्या सभेपुढे मांडले. त्याआधी रंगांचे वर्णन लोक शेंदरी, डाळिंबी अशा नावांनी करत. तीन आकडे आणि एक त्रिकोण एवढ्यांत कोणत्याही रंगाची जागा दाखवता येते हे प्रयोगाने मोजून दाखवणारा मॅक्सवेलच. डोळ्यात तीन तऱ्हेचे ग्राहक असावेत हा तर्क थॉमस यंगने शतकाच्या आरंभी केलाच होता. तो तर्क भोवऱ्याने हिशेबात आणला.

त्या समीकरणातले बरोबरचे चिन्ह मात्र नीट पाहण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंचा प्रकाश सारखा आहे असे ते चिन्ह म्हणत नाही. हा माणूस, या उजेडात, या दोहोंत फरक करू शकत नाही, इतकेच ते म्हणते. मॅक्सवेलला याची पक्की जाण होती. दिवसाच्या उजेडात जुळलेले आकडे त्याने गॅसच्या दिव्याखाली पाहिले तर ते जुळेनात. ज्यांना रंगांधत्व आहे अशा माणसांपुढे त्याने भोवरा ठेवला; त्यांचे रंग तिनाऐवजी दोनच कागदांनी जुळले.

येथपर्यंत आल्यावर मला पैठणीचे कोडे उलगडू लागले. धूपछाव विणीच्या पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. धागे इतके बारीक, की डोळा त्यांना वेगळे करत नाही. भोवऱ्यावरच्या पाकळ्यांसारखी त्यांची बेरीज करतो. पदर हलला की एक धागा अधिक दिसतो, दुसरा कमी. आणि साडीचा रंग बदलतो. जांभळी, वांगी, मोरपंखी. तिघांनीही खरीच साडी पाहिली असेल. एका ठिपक्यावर ड्रॉपर टेकवणे म्हणजे भोवरा न फिरवताच एका पाकळीला साऱ्या भोवऱ्याचा रंग समजणे होय. त्यातून आमचा फोटो जुना. रंगीत फोटोतले तिन्ही थर सारख्या वेगाने विटत नाहीत. त्यामुळे सगळ्या चित्रावर कोणत्यातरी एका रंगाची झाक चढते. फोटोत मामाच्या मुंजीचे पांढरे उपरणे आहे. ते पांढरे होईपर्यंत मी अगोदर सगळे चित्र सुधारून घेतले, मग ड्रॉपरला एकाऐवजी बऱ्याच ठिपक्यांची सरासरी घ्यायला सांगितले. गढूळपणा एकदम निम्मा झाला. येथे एक खाचखळगा सांगून ठेवते. मॅक्सवेलचे शंभर भाग सरळ प्रमाणात होते, आपले २५५ तसे नाहीत. १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा आहे म्हणून पडद्यावरचा उजेड निम्मा होत नाही, साधारण पाचवा हिस्सा होतो. नुसत्या आकड्यांची सरासरी काढली तर मिश्रण खऱ्याहून काळपट येते.

१८५६ साली मॅक्सवेल ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात प्राध्यापक झाला. तेथील प्राचार्यांच्या मुलीशी, कॅथरीन ड्युअरशी, त्याने १८५८ मध्ये लग्न केले. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. तिच्याबद्दल त्याच्या स्नेह्यांनी फारसे बरे लिहिलेले नाही. मला मात्र हा अन्याय वाटतो. कागदी भोवऱ्याने समाधान होईना म्हणून मॅक्सवेलने शुद्ध वर्णपटाचे रंग मिसळण्याची एक पेटी बनवली होती. तिच्या फटींतून सूर्यप्रकाश आत घ्यायचा, लोलकातून न्यायचा, आणि फटींची रुंदी कमीजास्त करत तीन रंगांचे मिश्रण पांढऱ्याशी जुळवायचे. पेटीपाशी डोळा लावून बसे ती कॅथरीन. १८६० सालच्या मोठ्या निबंधात तिचे आणि त्याचे आकडे वेगवेगळे छापलेले आहेत: के म्हणजे कॅथरीन, जे म्हणजे जेम्स. ते जुळत नव्हते. दुसरा एखादा असता तर त्याने स्वतःचे खरे धरून बायकोची चूक काढली असती, निदान दोहोंची सरासरी तरी उरकून टाकली असती. मॅक्सवेलने दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले आणि फरक का पडतो ते शोधू लागला. डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी एक पिवळसर डाग असतो. तो कोणाचा गडद, कोणाचा फिका. त्यातून गाळून येणारा निळा दोघांना सारखा पोहोचत नव्हता. नवरा-बायको एका खोलीत एका भोकातून पाहत होती आणि पांढरा रंग दोघांचा दोन होता.

त्याच वर्षी ॲबर्डीनची दोन कॉलेजे एक झाली आणि दोनपैकी एक प्राध्यापक जास्त ठरला. नोकरी गेली ती मॅक्सवेलची! एडिंबरोला अर्ज केला. जागा बालमित्र टेटला मिळाली. उन्हाळ्यात देवी आल्या आणि तो मरतामरता वाचला. कॅथरीनने एकटीने त्याची शुश्रूषा केली. वर्षअखेर लंडनच्या किंग्ज कॉलेजात जागा मिळाली आणि रंगावरील कामासाठी रॉयल सोसायटीचे रमफर्ड पदकही. केन्सिंग्टनच्या घरात माळ्यावर त्याने जवळजवळ आठ फूट लांबीची नवी पेटी खिडकीपाशी ठेवली. शेजारच्यांना वाटे की हा माणूस तासन् तास शवपेटीत डोकावून बसतो.

आता त्या फितीची गोष्ट. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचे व्याख्यान होते. रंगाचे तीन आकडे खरे असतील तर कोणत्याही दृश्याचे तीन काळे-पांढरे फोटो घेऊन त्यांतून तो रंग पुन्हा उभा करता आला पाहिजे, हे त्याने १८५५ सालीच लिहून ठेवले होते. थॉमस सटन या छायाचित्रकाराने स्कॉच चौकडीच्या फितीचा एक बो काळ्या मखमलीवर टाचून, रंगीत द्रवांच्या आडून तिचे फोटो घेतले: लोहाच्या क्षाराचा लाल द्रव, तांब्याच्या क्षारांचे हिरवा आणि निळा. काचेवरच्या तीन प्रतिमा तीन जादूच्या कंदिलांत ठेवल्या, प्रत्येकापुढे त्याच त्याच रंगाचा द्रव धरला, आणि तिन्ही प्रकाश पडद्यावर एकमेकांवर पाडले. फीत रंगीत दिसली. आपण चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल उघडून पाहतो ते म्हणजे सटनच्या तीन काचा.

यात एक मोठी गंमत आहे. त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल रंग दिसतच नसे, आणि हिरवाही जेमतेमच. निळ्याकडून पुढे सरकवणारी रसायने १८७३ नंतर आली. मग लालचा फोटो आला कसा? शंभर वर्षे हे कोडे तसेच होते. १९६१ साली कोडॅकच्या प्रयोगशाळेत राल्फ एव्हान्सने प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. लाल कापड लाल प्रकाशाबरोबर अतिनील प्रकाशही परावर्तित करते, आणि तो लाल द्रव अतिनील आरपार जाऊ देतो. काचेवर उमटला तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. तो नेमका लाल पट्ट्यांच्या जागी उमटला आणि कंदिलाने त्याला लाल करून दाखवले. सिद्धांत बरोबर, फोटो चुकून बरोबर! मॅक्सवेलला स्वतःलाही निकाल पुरता पटला नव्हता; लाल-हिरव्यासाठी अधिक चांगले फोटोसाहित्य हवे, असे त्याने सांगूनच टाकले होते. त्या काचा त्याच्या जन्मघरी, इंडिया स्ट्रीटवरच्या छोट्याशा संग्रहालयात, जपून ठेवल्या आहेत.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते, कारण ते सर्वत्र लिहिलेले आहे. प्रकाश ही विजेची आणि चुंबकत्वाची लाट आहे हे दाखवणारी समीकरणे, १८६५ मध्ये नोकरी सोडून ग्लेनलेअरला जाणे, १८७१ मध्ये केंब्रिजला परत येऊन कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभारणे, १८७३ मधला मोठा ग्रंथ. १८७९ च्या ५ नोव्हेंबरला तो वारला. वय ४८, दुखणे आईचेच, आणि वयही जवळपास आईच्याच एवढे. कॅथरीनची प्रकृती तोवर कायमची बिघडलेली होती. उलट अखेरच्या वर्षांत तोच रात्ररात्र तिच्या उशाशी बसत असे. पार्टन गावच्या चर्चच्या आवारात दोघे एकाच ठिकाणी आहेत.

भोवऱ्याचे काम मात्र थांबले नाही. १९२० नंतरच्या दशकात लंडनमध्ये राइट आणि गिल्ड यांनी, मॅक्सवेलच्याच रीतीने, माणसांना तीन प्रकाश जुळवायला बसवले. राइटची दहा माणसे, गिल्डची सात. या सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी काढून १९३१ साली एक प्रमाण डोळा ठरवण्यात आला, आणि आजचे पडद्याचे आकडे त्या डोळ्याला धरून आहेत. म्हणजे सतरा माणसांच्या बेरजेत माझी आजी शोधायची होती.

शेवटी मी ड्रॉपर बाजूला ठेवला. एका संध्याकाळी खोलीत अंधार करून आईला पडद्यापुढे बसवले, लाल-हिरव्या-निळ्याच्या तीन पट्ट्या तिच्या हातात दिल्या, आणि आठवणीतल्या साडीशी जुळेपर्यंत सरकवायला सांगितले. सुरुवात म्हणून फोटोतली सरासरी ठेवली होती. आईने चाळीस मिनिटे घेतली. मध्येच उठून डोळे पुसून आली. मी काही विचारले नाही. तिने निळा बराच वाढवला, लाल थोडा कमी केला. मामा रविवारी आला आणि पाच मिनिटांत उरकून चहाला गेला. त्याचा लाल आईच्या दुप्पट होता. मी दोघांचे आकडे दोन रकान्यांत लिहून ठेवले.

मुखपृष्ठावर छापला आहे तो आईचा रंग. छापखान्याच्या शाईला पडद्यावरचा तो निळसर जांभळा पेलत नाही, तेव्हा तो थोडा मलूल उतरला आहे. आईनेही प्रूफ पाहून तसे म्हटले. मागच्या पानावर मामाचा आहे. मावशीचा रकाना अजून रिकामा आहे. तिला विजेच्या उजेडातले काही पटत नाही. दिवाळीला येईल तेव्हा सकाळी खिडकीपाशी बसून लावीन, असा तिचा निरोप आहे.